जप्तीच्या विमानाचं पुढे काय होतं?

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की मराठवाड्याच्या शेवटच्या टोकाला कनेरगाव नाका लागतं. पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू. निजामाच्या काळात ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड, आणि संस्थानात शिरणाऱ्या मालावर करोडगिरी भरावी लागे. हद्दीवरच्या कुठल्याही नाक्यावर काही माल पैसे भरून पुढे जातो आणि काही जप्त होऊन तिथेच पडतो. पुढे गेलेल्या मालाचा हिशेब व्यापारी ठेवतो. पडून राहिलेल्याचं काय झालं, हे विचारायला सहसा कुणी येत नाही.

इथे आढावा घ्यायचा आहे तो अशाच एका जप्तीच्या मालाचा, फक्त हा माल उडणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती लागलेली जर्मन लढाऊ विमानं लढाई संपल्यावर कुठे गेली? त्यातली मोजकी का वाचली आणि बाकीची का मोडीत निघाली? आपल्या देशात, आपल्या राज्यात अशा वस्तूंचं काय झालं? या विषयावर बरंच लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक विमानवेड्यांनी विमानवेड्यांसाठी लिहिलेलं आहे. त्यात रिव्हेटांची संख्या मिळते, पण शत्रूचं यंत्र आपण कशासाठी जपतो हा साधा प्रश्न कोपऱ्यात राहतो.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. त्याऐवजी त्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आजही दिसते. शंकराच्या दारात मेरीची मूर्ती पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ टिकली, याचं श्रेय सहिष्णुतेला द्यावं असं अनेकांना वाटतं. मला ते कारण निम्मंच पटतं. घंटेला नवं काम मिळालं, हे उरलेलं निम्मं कारण. रोज वाजणारी वस्तू कुणी भंगारात घालत नाही.

विमानाचं मात्र तसं नाही. पकडलेल्या विमानाला पहिलं काम मिळतं ते चाचणीचं, आणि ते फार लवकर संपतं.

२३ जून १९४२ चा किस्सा प्रसिद्ध आहे, पण त्यातला महत्त्वाचा भाग सांगताना वगळला जातो. आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायरांशी झुंजत होता. झुंजीत त्याची दिशा चुकली. खाली दिसणारी ब्रिस्टलची खाडी त्याला इंग्लिश खाडी वाटली. आपण फ्रान्सवर आलो या समजुतीनं त्यानं विजयाच्या आनंदात एक गिरकी घेतली आणि साउथ वेल्समधल्या पेंब्री तळावर विमान व्यवस्थित उतरवलं. तळावरचा ब्रिटिश जवान सिग्नलचं पिस्तूल घेऊन धावला आणि त्यानं फाबरला कॉकपिटमध्येच कैद केलं. विमान होतं फॉके-वुल्फ १९०.

या विमानानं ब्रिटिशांची झोप उडवली होती. ते १९४१ च्या शरदात आघाडीवर आलं आणि तेव्हाच्या स्पिटफायरला जड जाऊ लागलं. ते नक्की कुठे भारी पडतं हे कळावं म्हणून फ्रान्समधल्या एखाद्या जर्मन तळावर कमांडो उतरवायचे आणि एक विमान चोरून आणायचं, अशी योजना आखली गेली होती. जेफ्री क्विल हा नामवंत चाचणी वैमानिक ते उडवून आणणार होता. लोक मरायला तयार झाले होते, आणि नेमकं त्याच सुमारास फाबर साहेब चालून आले. पुढच्या चाचण्यांत दिसलं की हे विमान स्पिटफायरच्या त्या वेळच्या पाचव्या आवृत्तीपेक्षा बहुतेक उंचीवर ताशी २० ते ३५ मैल वेगवान आहे आणि अंगावर लोळण घेण्यात फार चपळ आहे. मात्र वळणाचा घेर छोटा ठेवायचा असेल, तर स्पिटफायर सरस. ही एक ओळ शेकडो वैमानिकांपर्यंत पोचली: त्याच्यामागे सुळकी मारू नका, त्याला वळायला लावा.

वगळला जाणारा भाग पुढचा आहे. फाबरच्या त्या विमानाला नोंदणी क्रमांक मिळाला, चाचण्या झाल्या, आणि वर्षभराच्या आतबाहेर ते मोडीत काढलं गेलं. ज्याच्यासाठी माणसं जीव द्यायला निघाली होती, त्याचे सुटे तुकडे तेवढे उरले. जपानच्या झिरो या लढाऊ विमानाचंही हेच झालं. जून १९४२ मध्ये अलास्काजवळच्या आकुतान बेटावर दलदलीत पडलेलं एक झिरो अमेरिकेनं दुरुस्त करून उडवलं आणि त्याच्यापासून मोठे धडे घेतले. फेब्रुवारी १९४५ मध्ये सान दिएगोच्या धावपट्टीवर एका अमेरिकी विमानाच्या पंख्यानं ते जमिनीवरच चिरफाळलं. तोवर त्याच्यात शिकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, म्हणून कुणी फार हळहळलं नाही.

म्हणजे माहिती काढून घेतली की यंत्राची किंमत घसरते. मग काही काळ ते मिरवण्यापुरतं उरतं. १९४५ च्या शरद ऋतूत फार्नबरोला पकडलेल्या जर्मन विमानांचं मोठं प्रदर्शन झालं. एरिक ब्राउन हा ब्रिटिश नौदलाचा वैमानिक तिथे एकामागून एक जर्मन यंत्रं उडवत होता. आयुष्यात ४८७ प्रकारची विमानं उडवणाऱ्या या माणसाचा विक्रम आजही अबाधित आहे. पण मिरवण्याचा उत्साह दोन-तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर येतो तो खरा जीवघेणा काळ: यंत्र जुनं झालेलं असतं, पण प्राचीन झालेलं नसतं. पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात जप्तीच्या दुचाक्या गवतात बुडालेल्या असतात, तशीच ही विमानं गोदामांच्या मागे उभी होती. खटला संपला, मालक आला नाही, लिलाव रखडला. या वीस-तीस वर्षांतून जे निभावलं तेच आज संग्रहालयात दिसतं. ते निभावलं ते बहुतेक वेळा धोरणामुळे नव्हे. कुणीतरी हट्टी माणूस आडवा आला, किंवा गोदाम रिकामं करायची कुणाला घाई नव्हती.

याचं सर्वांत पूर्ण उदाहरण म्हणजे लिबियात सापडलेलं मेसरश्मिट १०९. त्याच्या जागेशी मराठी माणसाचा संबंध आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरचं बंदर २१ जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं. तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. त्यात अकरावी भारतीय ब्रिगेड होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. कोकण, देश, घाटावरची ही माणसं इटलीतल्या छावण्यांत गेली. काहींना पुढे जर्मनीत नेलं गेलं. भारतीय युद्धकैद्यांमधूनच तिथे सुभाषबाबूंची फौज उभी राहिली. पाच महिन्यांनी वारं फिरलं. इजिप्तमधल्या अल अलामेनच्या पराभवानंतर जर्मन सैन्य पश्चिमेकडे पळालं, आणि तोब्रुकच्या पूर्वेला गंबुतच्या तळावर त्यांनी एक जवळपास नवं मेसरश्मिट टाकून दिलं. लाइपझिगला सप्टेंबरमध्ये तयार झालेलं, ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेत पोचलेलं, अंगावर काळा ६ आकडा. ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबर स्क्वॉड्रनचा प्रमुख बॉबी गिब्ज यानं ते आधी गाठलं, मेकॅनिकांकडून नीट करवलं, आपल्या स्क्वॉड्रनची अक्षरं रंगवली आणि स्वतः उडवलं. त्याला ते खाजगी खेळणं म्हणून ठेवायचं होतं, हे उघड आहे. वरिष्ठांनी ते काढून घेतलं.

१९४३ च्या अखेरीस ते जहाजानं इंग्लंडला आलं. तिथे शत्रूची विमानं उडवून दाखवणारी एक खास तुकडी होती. जर्मन हवाई दलाच्या नावावरून सैनिक तिला चेष्टेनं राफवाफे म्हणत. तळातळांवर जाऊन आपल्या वैमानिकांना आणि तोफचींना शत्रूचं विमान जवळून दाखवायचं, हे तिचं काम. युद्ध संपलं, तुकडी मोडली, आणि हे विमान एका गोदामातून दुसऱ्या गोदामात फिरत राहिलं. मधे एकदा ते नीट करायचा अर्धामुर्धा प्रयत्न झाला आणि सुटला. १९७२ मध्ये लाइनम तळावरच्या रस स्नॅडन या हवाई दलाच्या अधिकाऱ्यानं ते अंगावर घेतलं. सुटीच्या वेळात, स्वयंसेवकांना जमवून, जगभर भाग शोधत त्यांनी ते पुन्हा जुळवलं. १७ मार्च १९९१ रोजी ते उडालं. कामाला १९ वर्षं लागली होती. ज्या युद्धासाठी ते बनलं, ते युरोपात सहा वर्षांतच संपलं होतं.

मग वाद सुरू झाला, आणि तो आजही मिटलेला नाही. इतकी अस्सल वस्तू उडवायची की काचेआड ठेवायची? उडवणारे म्हणत, विमान हे उडताना पाहायचं यंत्र आहे, त्याचं इंजिन ऐकू आलं नाही तर तो नुसता पत्रा. जपणारे म्हणत, तो पत्राच पुरावा आहे, तो एकदा चेमटला की परत मिळत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये, उड्डाणांची मुदत संपत आली असताना, डक्सफर्डला त्याच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते शेतात उलटलं. वैमानिक वाचला. विमान पुन्हा दुरुस्त झालं, पण प्रदर्शनापुरतं, आणि ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात गेलं. मी जपणाऱ्यांच्या बाजूचा आहे. स्नॅडनना मिळालेला तो आनंद नाकारायची माझी छाती नाही, पण त्यांनी १९ वर्षं घालून वाचवलेली वस्तू एका फेरफटक्यासाठी पणाला लावण्याचा निर्णय चूक होता, असंच मी म्हणेन.

अमेरिकेनं हे सगळं घाऊक प्रमाणात केलं. १९४५ च्या उन्हाळ्यात कर्नल हॅरल्ड वॉटसनच्या पथकानं जर्मनीभर फिरून जेट आणि इतर नवी विमानं गोळा केली. फ्रान्समधल्या शेरबुर बंदरातून ब्रिटिशांच्या रीपर या विमानवाहू जहाजावर साधारण चाळीस विमानं लादली आणि अटलांटिकपार नेली. इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर त्यांच्या चाचण्या झाल्या. प्रत्येक प्रकारचं एक विमान भावी संग्रहालयासाठी ठेवा, असा हवाई दलप्रमुख आर्नल्ड यांचा आदेश होता म्हणून काही वाचली. ती शिकागोजवळच्या एका रिकाम्या कारखान्यात ठेवली. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, कारखाना परत हवा झाला, आणि ती सगळी भंगारात जायची पाळी आली. पॉल गार्बर या स्मिथसोनियन संस्थेच्या माणसानं मेरीलँडमध्ये जागा मिळवून ती हलवली. आज वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात जगातलं एकमेव आराडो २३४ दिसतं, ते या एका माणसाच्या खटपटीमुळे.

याच संग्रहात डॉर्निए ३३५ आहे. पुढे एक इंजिन, मागे एक इंजिन, दोन्हीकडे पंखे. वैमानिकाला बाहेर उडी मारायची झाली तर मागचा पंखा त्याला कापून काढणार, म्हणून तो पंखा आणि शेपटाचा वरचा भाग स्फोटानं उडवून द्यायची सोय केलेली होती. हे विमान १९७४ मध्ये डागडुजीसाठी जर्मनीला, ज्या कंपनीनं ते बनवलं त्याच डॉर्निएकडे पाठवलं. काम करताना कारागिरांना आढळलं की ती स्फोटकं अजून जागच्या जागी आहेत आणि जिवंत आहेत. तीस वर्षं अमेरिकी हमाल, मुकादम, रखवालदार त्या शेपटाजवळून वावरत होते. दुरुस्तीनंतर ते काही वर्षं म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलं गेलं, आणि मग ठरल्याप्रमाणे अमेरिकेला परत गेलं. हरलेल्या देशानं आपलीच वस्तू दुरुस्त करून जिंकलेल्याला परत दिली, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. या सगळ्या इतिहासातला मला तो सर्वांत शहाणा व्यवहार वाटतो.

काही जर्मन विमानं जप्त झाल्यावरही लढत राहिली, त्यांचा उल्लेख थोडक्यात. चेकोस्लोव्हाकियात मेसरश्मिटचे सांगाडे आणि यंत्रसामग्री मागे राहिली होती. मूळ इंजिनांचा साठा स्फोटात गेला, म्हणून बॉम्बफेकी विमानाचं जड इंजिन बसवलं. वैमानिकांनी त्याला खेचराचं नाव दिलं. ही खेचरं १९४८ मध्ये नव्या इस्रायलनं घेतली आणि त्यांनी इजिप्तच्या ब्रिटिश बनावटीच्या स्पिटफायरांशी लढत दिली. हिटलरच्या कारखान्यात जन्मलेल्या विमानानं ज्यूंच्या राज्याचं आकाश राखलं, यावर भाष्याची गरज नाही. स्पेननं मेसरश्मिटला ब्रिटिश मर्लिन इंजिन बसवलं. १९६९ च्या एका मोठ्या ब्रिटिश युद्धपटात तीच विमानं जर्मन म्हणून उडाली.

भारताच्या वाट्याला मात्र पकडलेलं जर्मन विमान आलं नाही. इथे आला त्याचा बाप.

फॉके-वुल्फ १९० चा मुख्य अभिकल्पक कुर्ट टांक युद्धानंतर अर्जेंटिनात गेला. तिथल्या राष्ट्राध्यक्ष पेरॉनसाठी त्यानं पुल्की दोन हे जेट बनवलं. १९५५ मध्ये पेरॉन पडले आणि १९५६ मध्ये टांक काही सहकाऱ्यांसह बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाला. त्याच्या हाताखाली एचएफ-२४ मारुत तयार झालं. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचं पहिलं उड्डाण केलं. सांगाडा वेगवान विमानाचा, पण इंजिन नॅट या छोट्या लढाऊ विमानासाठीचं ऑर्फियस, त्याच्या मानानं अशक्त. योग्य इंजिनाचा शोध अनेक देशांत झाला आणि तो कधीच सफल झाला नाही.

त्या शोधाचा एक टप्पा इतका विचित्र आहे की कादंबरीत घातला तर संपादक खोडून टाकेल. इजिप्तमध्ये हेलवानला मेसरश्मिटच्या आराखड्याचं एचए-३०० हे विमान बनत होतं. त्याचं इंजिन करत होता फर्डिनांड ब्रांडनर. हा ऑस्ट्रियाचा अभियंता रशियनांच्या कैदेत पडला आणि तिथे त्याच्याकडून इंजिनं करवून घेतली गेली. आपलं विमान उडवायला इजिप्तनं भारताकडून चाचणी वैमानिक मागितला. ७ मार्च १९६४ रोजी कपिल भार्गव यांनी ते पहिल्यांदा उडवलं. बदल्यात ब्रांडनरचं इंजिन मारुतला मिळेल अशी आशा होती. चाचणीसाठी एक मारुत इजिप्तला गेलंही. १९६९ मध्ये इजिप्तनं प्रकल्प गुंडाळला. मेसरश्मिटचं शेवटचं विमान आणि फॉके-वुल्फच्या कर्त्याचं शेवटचं मोठं विमान ही दोन्ही आज म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात आहेत.

मारुत एकूण १४७ बनली. १९७१ च्या युद्धात ती राजस्थानच्या आघाडीवर लढली. सुरंजन दास जानेवारी १९७० मध्ये मारुतच्याच चाचणीत गेले होते. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मारुत उभं आहे. पुण्याच्या कमला नेहरू पार्कातलं विमान तर दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाच्या फोटोंत आहे. त्याच्याखाली धावणाऱ्या पोरांच्या आईबापांना कुणी सांगत नाही की याच्या कर्त्याचं आधीचं विमान मिळवायला इंग्रज कमांडो पाठवणार होते.

आपण विमान पकडणाऱ्यांच्या यादीत नसलो तरी गमावणाऱ्यांच्या यादीत आहोत. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपालसिंग सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. आपल्या बाकीच्या विमानांपासून ते तुटले होते. त्याच दिवशी, त्याच झुंजीत, ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधूनच पाकिस्तानचं सेबर विमान पाडल्याची बातमी देशभर गाजली. एका बाजूला नॅटची कीर्ती सुरू झाली आणि दुसऱ्या बाजूला अख्खं नॅट शत्रूच्या हाती गेलं. फाबरचीच कथा, फक्त या वेळी विमान गमावणारे आपण होतो. इंग्लंडमध्ये नॅट उडवलेल्या एका पाकिस्तानी वैमानिकानं त्याची चाचणी केली. ते विमान आज कराचीला पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, नीट रंगवलेलं.

नाशिककरांना आणखी एका जप्तीचा धक्का बसला होता, त्यांना तो तेव्हा कळला नसेल तरी. ऑगस्ट १९६६ मध्ये मुनीर रेदफा हा इराकी वैमानिक मिग-२१ घेऊन इस्रायलला पळून गेला. इस्रायलनं ते आधी स्वतः तपासलं, मग अमेरिकेला उसनं दिलं. हीच ती वर्षं, जेव्हा ओझरच्या कारखान्यात मिग-२१ ची जुळणी सुरू होत होती. ओझरचं मॉडेल पुढचं होतं, पण कूळ तेच. रशियानं आपल्याला जे विकत दिलं, त्याची कमजोरी अमेरिकेला फुकट कळली. भारतानं पुढे सहाशेहून अधिक मिग-२१ बनवली. शेवटची २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झाली. आता आपल्या चौकासाठी एखादं मिग मिळावं म्हणून अर्ज करणाऱ्या महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची रांग आणखी लांबेल.

आणि इथेच आपला आजार आहे. लढाऊ यंत्र मिळवायला आपण धडपडतो, ते चौथऱ्यावर चढवतो, १५ ऑगस्टच्या आधी त्याला तेलरंगाचा हात मारतो. त्या रंगाखाली कारखान्याचा मूळ क्रमांक बुजतो. ते कोणत्या स्क्वॉड्रनमध्ये होतं, कुठे लढलं, कोणी उडवलं, हे फलकावर नसतं. फलकावर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव असतं. डॉर्निएच्या शेपटातली स्फोटकं सापडली ती कुणीतरी ते विमान खोलून बघितलं म्हणून. आपण खोलतच नाही, वरूनच रंगवतो. चौकातलं विमान मोडीत निघणार नाही एवढी खात्री मिळते, हे खरं, पण तेवढ्यासाठी त्याचा इतिहास मोजावा लागतो. मला हा सौदा महाग वाटतो.

अपवाद अहिल्यानगरचा. लष्कराच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, आणि त्याचं रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. जर्मन चिलखती गाडी, ८८ मिलिमीटरची ती कुप्रसिद्ध जर्मन तोफ, जपानी रणगाडे, आणि पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन, शॅफी रणगाडे असा ऐवज एका आवारात उभा आहे. ८८ मिलिमीटरची ही तोफ मुळात विमानं पाडायची. आफ्रिकेत रोमेलनं तिचं तोंड खाली करून ब्रिटिश रणगाड्यांवर लावलं. ज्या वाळवंटात मराठा बटालियन कैद झाली, तिथला दरारा याच तोफेचा. लिबियाला जायची गरज नाही, एसटीनं जाता येईल अशा अंतरावर ती उभी आहे. शहरालाही कैद्यांची सवय आहे: पहिल्या महायुद्धात इथे जर्मन नागरिकांना डांबलं होतं, दुसऱ्या महायुद्धात हिमालय चढायला आलेल्या हाइनरिख हारर यालाही आधी इथेच आणलं, आणि १९४२ नंतर किल्ल्यात नेहरू होते.

पॅटन रणगाड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला ते उसाच्या शेतांत, चिखलात अडकले. भिखीविंडला त्यांची रांगच लावली होती, तिला लोक पॅटननगर म्हणू लागले. मग ते देशभर गावोगावी वाटले गेले. मात्र अहिल्यानगरला आणखी एक रणगाडा आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो आपलाच आहे, सेंच्युरियन, नाव फामागुस्ता. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा हा अधिकारी जळत्या रणगाड्यातून बाहेर यायला तयार झाला नाही. त्याला परमवीरचक्र मिळालं. रणगाडा आणि खेत्रपाल यांचा देह त्या दिवशी पाकिस्तान्यांच्या हाती लागला होता. दोन्ही परत मिळाले. फामागुस्ता दुरुस्त होऊन अहिल्यानगरला आला. ज्या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या गोळ्यानं खेत्रपाल गेले, त्यानं २००१ मध्ये त्यांच्या वृद्ध वडिलांना लाहोरला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि आपल्याच तोंडानं ते सांगितलं.

म्हणजे जप्त झालेली वस्तू परत येऊ शकते. एकदा आलीही आहे, या दोन देशांमध्येच. कराचीतलं नॅट परत मागावं असं मी म्हणत नाही. कुणी देणार नाही, आणि आपणही पॅटन परत पाठवणार नाही. पण बंगळूरला शेकडो नॅट आणि त्यांची पुढची आवृत्ती अजित बनली. साठ वर्षांपूर्वीच्या या यंत्राच्या सांध्यांत कुठे गंज बसतो, हे सांगू शकणारे निवृत्त मेकॅनिक अजून हयात आहेत. डॉर्निएनं केलं तसं दुरुस्तीपुरतं ते इकडे आणायचं आणि ठरल्या तारखेला परत पाठवायचं, असा प्रस्ताव निदान कागदावर तरी मांडायला हरकत नव्हती. आजवर दोन्ही बाजूंच्या एकाही संग्रहालयानं तो मांडल्याचं ऐकिवात नाही.